दहा सेंटचे कॉमिक आणि लाखोंचा विक्रीकर

एप्रिल २०२४मध्ये डॅलसच्या ‘हेरिटेज’ लिलावगृहात ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक ६० लाख डॉलरला विकला गेला. जून १९३८चा हा अंक. सुपरमॅन पहिल्यांदा वाचकांसमोर आला तो यातच, आणि तेव्हा त्याची छापील किंमत होती दहा सेंट. बातम्यांत ६० लाखांचा आकडा गाजला. पण एवढ्या किमतीच्या खरेदीवर राज्याचा विक्रीकर किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. असा अंक डॅलसमधल्याच एखाद्या संग्राहकाच्या घरी पोचवायचा तर ८.२५ टक्क्यांनी ४,९५,००० डॉलर कर होतो. न्यूयॉर्क शहरात पोचवायचा तर ८.८७५ टक्क्यांनी ५,३२,५००. ओरेगनमध्ये पोचवायचा तर काहीच नाही.

एकाच वस्तूवर पत्त्यानुसार एवढा फरक पडतो, म्हणून अमेरिकेतल्या कॉमिक्स संग्राहकांमध्ये या कराविषयी तऱ्हेतऱ्हेच्या समजुती पसरल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच चुकीच्या आहेत आणि काही तर थेट दंडाच्या वाटेवर नेणाऱ्या.

सर्वांत पक्का बसलेला गैरसमज असा की, ऑनलाइन खरेदीवरचा हा कर २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाने नव्याने लादला. कोर्टाने कर लादला नाही. तो कोणी गोळा करायचा, एवढेच बदलले.

अमेरिकेत आपल्या जीएसटीसारखा देशभर लागू असणारा कर नाही. विक्रीकर ही राज्यांची बाब, आणि त्यावर परगणे नि शहरे आपापली भर घालतात. १९३०च्या दशकात मंदीने तिजोऱ्या रिकाम्या झाल्यावर राज्यांनी हा कर भराभर आणला. लोक शेजारच्या राज्यात जाऊन खरेदी करू लागतील हे उघड होते, म्हणून सोबतच ‘यूज टॅक्स’, म्हणजे वापर कर आला. कॅलिफोर्नियात विक्रीकर १९३३चा आणि वापर कर १९३५चा. ज्यांनी महाराष्ट्रातले जकात नाके पाहिले आहेत त्यांना यामागची कल्पना लगेच कळेल: माल बाहेरून आला तरी तो जिथे वापरला जाणार तिथला कर चुकत नाही. फरक इतकाच की अमेरिकेत नाका नव्हता. ग्राहकाने स्वतः हिशेब करून, वर्षाच्या शेवटी विवरणपत्रात लिहून हा कर भरायचा होता. तो फारच थोडे लोक भरत.

विक्रेत्याकडून कर वसूल करावा, तर राज्यांचे हात बांधलेले होते. १९६७च्या ‘नॅशनल बेलास हेस’ आणि १९९२च्या ‘क्विल’ या दोन खटल्यांत सुप्रीम कोर्टाने म्हटले होते की, ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, त्याच्यावर कर गोळा करण्याची सक्ती राज्य करू शकत नाही. हे दोन्ही खटले टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांचे होते. जुन्या कॉमिक्सचा धंदाही टपालावरच वाढला. डेन्व्हरचा विक्रेता यादी पाठवी, न्यूजर्सीचा ग्राहक चेक पाठवी आणि कर मध्येच विरून जाई. दोन-तीन पिढ्यांच्या संग्राहकांची ‘बाहेरच्या राज्यातून घेतले की कर नसतो’ ही समजूत इथे घडली. कर होता, फक्त कोणी मागत नव्हते.

ही कोंडी साउथ डकोटा राज्याने फोडली. तिथे आयकर नाही, कारभार मुख्यतः विक्रीकरावर चालतो. २०१६मध्ये त्या राज्याने कायदा केला: वर्षाला एक लाख डॉलरची विक्री किंवा २०० व्यवहार राज्यात करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याने कर गोळा केलाच पाहिजे. वेफेअर, ओव्हरस्टॉक आणि न्यूएग या ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांबरोबर खटला झाला आणि २१ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी राज्य जिंकले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स विरोधी मतात होते. जुना नियम चुकीचा होता हे त्यांनाही मान्य होते, पण तो बदलण्याचे काम काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर राज्यांनी आणखी एक पाऊल टाकले, आणि कॉमिक्स घेणाऱ्यांना खरा फरक जाणवला तो त्या पावलाने. ईबेसारख्या बाजारपेठांवर विकणारे हजारो छोटे लोक, त्यांच्यामागे कुठे लागायचे? म्हणून कर गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारपेठेवरच टाकण्यात आली. २०१९मध्ये एकेक राज्य या रांगेत आले, न्यूयॉर्क जूनमध्ये, कॅलिफोर्निया ऑक्टोबरमध्ये. फ्लोरिडा २०२१च्या जुलैत आले, आणि सर्वांत शेवटी, जानेवारी २०२३मध्ये, मिसुरी. आज राज्यस्तरावर विक्रीकर नसलेली राज्ये पाचच आहेत: ओरेगन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि अलास्का. त्यांतल्या अलास्कात स्थानिक संस्था आपला कर लावू शकतात, त्यामुळे तिथला प्रत्येक पत्ता करमुक्त नसतो.

‘हा कर विक्रेता किंवा ईबे खिशात घालतो’, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. ते खरे नाही. ती रक्कम राज्याकडे जाते, आणि ईबेवरच्या विक्रीत तर विक्रेत्याच्या हातातही येत नाही. मात्र विक्रेत्यांच्या कुरबुरीत एक तथ्य आहे. ईबे आपले शुल्क काढते ते वस्तूची किंमत, पाठवणीचा खर्च आणि विक्रीकर या सर्वांच्या बेरजेवर. म्हणजे जो पैसा विक्रेत्याला मिळालाच नाही त्यावरही त्याला शुल्क पडते. हे अन्यायाचे आहे, आणि महागड्या अंकांवर ती रक्कम किरकोळही राहत नाही.

आता सर्वांत धोकादायक समजुतीकडे. ‘ओरेगनमध्ये मित्र आहे, अंक त्याच्या पत्त्यावर मागवू आणि सुट्टीत जाऊन घेऊन येऊ.’ अंक कॅलिफोर्नियातल्या घरी आणून कपाटात ठेवला की तिथला वापर कर देणे लागतो, मग पार्सल कोणत्याही दारात उतरलेले असो. पाच-पन्नास डॉलरच्या अंकामागे कोणी येणार नाही हे खरे. पण लाखाच्या खरेदीची नोंद लिलावगृहाकडे असते, विमा कंपनीकडे असते आणि बँकेकडेही. चित्रांच्या बाजारात हा खेळ आधीच खेळून झाला आहे. टायको कंपनीचे प्रमुख डेनिस कोझलोव्स्की यांच्यावर जून २००२मध्ये मॅनहॅटनमध्ये दहा लाख डॉलरहून अधिक विक्रीकर चुकवल्याचा आरोप ठेवला गेला. चित्रे त्यांच्या न्यूयॉर्कच्या घरी होती आणि कागदोपत्री पुरावा व्हावा म्हणून न्यू हॅम्पशायरला रिकामी खोकी पाठवली गेली होती.

याच जातीची दुसरी पळवाट म्हणजे पुनर्विक्रीचे प्रमाणपत्र. व्यापारी पुढे विकण्यासाठी माल घेतो तेव्हा हे प्रमाणपत्र देऊन त्याला करमुक्त खरेदी करता येते, कारण कर शेवटच्या ग्राहकाकडून यायचा असतो. एखादा संग्राहक स्वतःला विक्रेता म्हणवून हे प्रमाणपत्र वापरतो आणि अंक मात्र स्वतःच्या संग्रहात ठेवतो, तेव्हा ती करचोरी होते. अशाच प्रमाणपत्रांच्या गैरवापराला मदत केल्याचा आरोप ठेवून न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २०२०मध्ये सोदबीज या लिलावगृहावर दावा लावला. २०२४मध्ये सोदबीजने ६२.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. चित्रांबाबत जो कायदा, तोच कॉमिक्सबाबत.

बोली लावणाऱ्यांची चूक बहुतेकदा साध्या हिशेबात होते. कर हातोडा पडलेल्या बोलीवर लागतो, असे ते धरून चालतात. लिलावगृह बोलीवर ‘बायर्स प्रीमियम’ घेते, कॉमिक्सच्या लिलावात तो २० टक्क्यांच्या घरात असतो, आणि कर या दोन्हींच्या बेरजेवर बसतो. १०,००० डॉलरची बोली घ्या. प्रीमियम धरून १२,००० झाले. न्यूयॉर्क शहरात त्यावर १,०६५ डॉलर कर, शिकागोत १०.२५ टक्क्यांनी १,२३०, न्यूजर्सीत ६.६२५ टक्क्यांनी ७९५. न्यूयॉर्कच्या संग्राहकाने एकूण १२,००० डॉलरच खर्चायचे ठरवले असतील, तर त्याने सुमारे ९,१८० डॉलरच्या बोलीवर थांबले पाहिजे. पाठवणीच्या खर्चावरही न्यूयॉर्क आणि टेक्सास कर लावतात. कॅलिफोर्नियात तो खर्च वेगळा दाखवून कुरियरने पाठवला तर सहसा लावत नाहीत.

‘या अंकावर एकदा कर भरला आहे, पुन्हा कसा लागेल?’ हा प्रश्न रास्त वाटतो, पण उत्तर कडू आहे. विक्रीकर वस्तूवर नसतो, विक्रीवर असतो. आपल्याकडच्या जीएसटीत आधी भरलेल्या कराची वजावट व्यापाऱ्याला मिळते आणि जुन्या मालात फक्त नफ्यावर कर आकारण्याची सोयही आहे. अमेरिकी विक्रीकरात अशी साखळीच नाही. १०,००० डॉलरचा अंक आठ टक्के कराच्या शहरांत तीन संग्राहकांच्या हातून गेला, तर किंमत एका सेंटने न वाढताही राज्यांकडे २,४०० डॉलर जमा होतात. कॉमिक्स हा गुंतवणुकीचा सोपा मार्ग आहे असे सांगणारे ही गोष्ट क्वचितच सांगतात. न्यूयॉर्कमध्ये प्रीमियम आणि करासह १३,०६५ डॉलरला पडलेला अंक दुसऱ्या दिवशी विकायला काढला, तर बाजार त्याची किंमत १२,०००च मोजेल आणि विक्रेत्याला त्यातूनही शुल्क द्यावे लागेल. म्हणून वाचण्याच्या, पाहण्याच्या, बाळगण्याच्या ओढीने घेणाऱ्याला हा कर परवडतो. महिन्या-दोन महिन्यांत विकून नफा काढू पाहणाऱ्याला नाही.

अदलाबदलीतही राज्ये वेगळी वागतात. दुकानदाराला ६,००० डॉलरचा अंक आणि वर ४,००० रोख देऊन १०,०००चा अंक घेतला, तर कॅलिफोर्निया पूर्ण १०,०००वर कर लावते. टेक्सासमध्ये दुकानदार तो जुना अंक पुढे विकणार असेल तर कर फक्त ४,०००वर.

सोन्याचांदीच्या नाण्यांना बऱ्याच राज्यांत विक्रीकरातून सूट आहे, म्हणून जुन्या कॉमिक्सनाही असणार, असे काहींना वाटते. ती सूट नाणी आणि धातूपुरतीच असते. ‘स्लॅब’मध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या पेटीत, बंद केलेला, श्रेणी दिलेला अंक हा कायद्याच्या दृष्टीने सामान्य माल.

मग कर लागत नाही असे व्यवहार आहेत का? आहेत, पण थोडे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास यांसारख्या राज्यांत, धंदा न करणाऱ्या माणसाने वर्षात एक-दोनदाच काही विकले तर त्या विक्रीला सूट मिळते. ईबेवरून विकले की मात्र बाजारपेठ कर घेतेच. छोट्या विक्रेत्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून बाहेरच्या राज्यात घेतले, आणि त्याची विक्री मर्यादेखाली असली, तर तो कर न घेता विकू शकतो. ते कायदेशीर आहे, पण वापर कर ग्राहकाच्या डोक्यावर राहतोच. कॉमिक्सच्या संमेलनात वस्तू जिथे हातात पडते तिथला कर लागतो. सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये ओरेगनचा माणूसही ७.७५ टक्के भरतो. न्यूयॉर्कच्या संमेलनात ८.८७५ टक्के भरून अंक न्यूजर्सीतल्या एडिसनच्या घरी नेणाऱ्या मराठी संग्राहकाला तिथला कर वेगळा भरावा लागत नाही, कारण भरलेल्या कराची वजावट मिळते.

पुण्या-मुंबईहून मागवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, विक्रेत्याने अंक थेट भारतात पाठवला तर राज्याचा विक्रीकर सहसा लागत नाही, पण इथे सीमाशुल्क खाते आपले नियम लावते. अमेरिकेतल्या फॉरवर्डिंग कंपनीच्या गोदामाचा पत्ता दिला, तर ते गोदाम ज्या राज्यात आहे तिथला कर बिलावर येतो.

अमेरिकेत राहत असाल तर मोठी बोली लावण्याआधी आपल्या झिपकोडचा नेमका दर राज्याच्या महसूल खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या आणि प्रीमियमसह आकडा कागदावर मांडा. खरेदीची पावती कर वेगळा दिसेल अशी जपून ठेवा. पुढे अंक नफ्यात विकला आणि केंद्राचा भांडवली नफ्यावरचा कर भरायची वेळ आली, तर भरलेला विक्रीकर खरेदी किमतीत मिळवता येतो आणि करपात्र नफा तेवढ्याने कमी होतो.