वारल्यांचें लग्न आणि वारल्यांची जमीन

डहाणू म्हटलें म्हणजे मुंबईच्या माणसास चिकूच्या वाड्या आणि समुद्रकांठची खारी हवा आठवते. परंतु स्टेशनापासून पूर्वेकडे कांहीं मैल गेलें कीं देखावा पालटतो. सागाचें रान, भाताचीं खाचरें आणि कुडाच्या भिंतींच्या घरांचे लहान लहान पाडे दिसूं लागतात. हा वारल्यांचा मुलूख. डहाणू व त्याच्या लगतचा तलासरी हे तालुके पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यांत आहेत. २०११ च्या शिरगणतींत तलासरी तालुक्यांत दर दहा माणसांमागें सुमारें नऊ माणसें आदिवासी आढळलीं. त्यांत वारल्यांचा भरणा मोठा.

या समाजाचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल त्यानें त्यांच्या लग्नाकडे पाहावें. वारल्यांच्या लग्नास परंपरेनें ब्राह्मण लागत नाहीं. धवलेरी नांवाची जाणती बाई गाणीं म्हणून विधि चालविते. घरांतील भिंत शेणानें व गेरूनें सारवितात, आणि सुवासिनी तांदळाच्या पिठांत पाणी कालवून बांबूच्या काडीनें तीवर चौक उमटवितात. वारली स्वतः चौक 'काढला' म्हणत नाहींत, 'लिहिला' म्हणतात. मध्यें पालघाट देवी असते. झाडेंपेरें, पीकपाणी व मुलेंबाळें हीं सारीं तिचीं देणगी. चौक लिहून झाल्यावांचून लग्न लागावयाचें नाहीं, अशी रूढि आहे.

परंतु ज्या लग्नांत सुपीकतेच्या देवीची अशी स्थापना होई, तेंच लग्न नवऱ्या मुलास दास करी. हें कसें घडलें तें थोडें मागें जाऊन पाहिलें पाहिजे. पूर्वीं वारली रानाचा तुकडा भाजून त्यांत नाचणी, वरई पेरीत आणि जमीन दमली कीं दुसरीकडे वळत. १८६४ सालीं मुंबईपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला व डहाणूच्या लांकडाला बाजारपेठ मिळाली. १८७८ च्या कायद्यानें सरकारला जंगलें राखीव करतां येऊं लागलीं. शेताचा सारा रोख भरावा लागे आणि पावसाळ्यांत घरांतले दाणे संपत. दोन्ही वेळीं सावकाराचेंच दार ठोठवावें लागे. तो जी खावटी देई ती सुगींत दीडीनें फेडावी लागे. वहींतील अक्षर वारल्यास वाचतां येत नसे. अशा रीतीनें जमिनी सावकारांच्या नांवें चढल्या, आणि मूळचा कसणारा आपल्याच शेतांत कूळ झाला. कूळ म्हणून खंड द्यावा लागे तो निराळा, व मालकाच्या घरची फुकट वेठ करावी लागे ती निराळी.

अशा माणसाच्या घरीं लग्न निघालें म्हणजे तांदूळ, लुगडीं, ताडी व जातभाईंचें जेवण यांना पैसा कोठून यावा? थोड्या रुपयांसाठीं मुलगा सावकाराचा 'लग्नगडी' होई. कर्ज फिटेपर्यंत त्यानें, आणि पुष्कळदां त्याच्या बायकोनेंहि, धन्याच्या घरीं राबावयाचें. आणि हिशेब धन्याच्याच हातीं असल्यामुळें तें कर्ज फिटत नसे. मुंबई सरकारसाठीं सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें आदिवासींच्या स्थितीची जी पाहणी केली, तिच्या १९३९ च्या अहवालांत या दास्याची नोंद आहे. खर्चाच्या धास्तीनें कित्येक जोडपीं लग्नावांचूनच संसार थाटीत, आणि मुलांच्या लग्नाच्या वेळीं आईबापांचेंहि लग्न उरकून घेत.

येथें परमुलखांतील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. कॅनडांत ओटावा नदीच्या खोऱ्यांत अल्गॉन्क्विन नांवाचे मूळचे रहिवासी आहेत. तेथेंहि लांकडाच्या व्यापारानें त्यांचें रान गेलें. तरी त्यांच्या वस्तीसाठीं थोडी थोडी जमीन राखून ठेवण्यांत आली. डहाणूकडे जें राखीव झालें तें जंगल. माणसांसाठीं तसा तुकडा कोणीं राखून ठेवला नाहीं.

१९४५ सालीं मात्र पारडें फिरलें. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें, म्हणजे त्या वेळच्या उंबरगांव तालुक्यांत व आतांच्या तलासरींत, किसान सभेच्या विद्यमानें हजारों वारली जमले. शामराव व गोदावरी परुळेकर हे या कार्याचे पुढारी होते. वेठ करावयाची नाहीं आणि रोख मजुरी मिळाल्यावांचून धन्याच्या शेतांत पाऊल टाकावयाचें नाहीं, असें तेथें ठरलें. लोक पाड्यापाड्यांत गेले आणि त्यांनीं लग्नगड्यांना सोडवून घरीं आणलें. पुढें गवत कापणाऱ्यांनीं मजुरीसाठीं संप केला. १० ऑक्टोबर रोजीं, सभा असल्याच्या खोट्या बातमीवरून तलवाडा येथें जमलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण मरण पावले. गोदावरीबाईंनीं हा सारा वृत्तांत 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या ग्रंथांत सांगितला आहे. राज्यघटनेनें वेठबिगारीस बंदी केली ती १९५० सालीं, आणि तिच्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला तो १९७६ सालीं. वारल्यांनीं झरीच्या माळावर तिला त्यापूर्वींच मूठमाती दिली होती.

त्याच १९४५ सालीं जवळच बोर्डी येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें व पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मूल शाळेंत येत नाहीं, कारण तें गुरें राखावयास जातें, हें त्यांनीं ओळखलें. आणि शाळाच कुरणावर नेली. तिचें नांव कुरणशाळा. ज्याला अक्षर येतें त्याच्या वहींतील आंकडा सहसा कोणी बदलूं धजत नाहीं. झरीच्या ठरावाला खरी जोड हवी होती ती हीच.

त्यानंतर चौक भिंतीवरून कागदावर आला. एके काळीं सुवासिनींच्या हातचें असलेलें हें लेखन डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांनीं जगभर नेलें. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. आज वारली चित्र परदेशांतील दिवाणखान्यांतहि दिसतें.

परंतु चित्राला मिळालेला मान चित्रकाराच्या जातभाईंस पोटभर अन्न देतोच असें नाहीं. पावसाळा सरला कीं आजहि कित्येक कुटुंबें आगाऊ उचल घेऊन वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर जातात. २००६ च्या वनहक्क कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याचा हक्क मान्य केला आहे. पण तो पुराव्यानें शाबीत करावा लागतो. ज्यांच्या आजोबांस वही वाचतां येत नव्हती त्यांच्याकडे आज कागद मागितला जातो. म्हणून गांवांतील शिकलेल्या मुलानें शेजाऱ्याचा अर्ज भरून देणें, ग्रामसभेंत तो वाचून दाखविणें आणि दाखला पदरीं पडेपर्यंत त्याचा पाठपुरावा करणें हीच आजची खरी समाजसेवा होय. ज्या भिंतीवर पालघाट देवी लिहिली जाते, त्या भिंतीखालची भुई त्या घराच्या नांवें झाली, तरच झरीस आरंभिलेलें काम तडीस गेलें असें म्हणतां येईल.