यलोस्टोन १९८८ : ज्वाळांचे फोटो आणि जंगलाचे फोटो

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९८८च्या उन्हाळ्यात वणवे पेटले, तेव्हा तिथे कॅमेऱ्यांची जत्रा भरली होती. इतक्या वर्षांनी ते फोटो चाळताना माझे मत पक्के होत जाते : तेव्हा पहिल्या पानावर छापून आलेल्या फोटोंनी आग दाखवली, जंगल मात्र दाखवले नाही.

तो वणवा आपल्या ओळखीचा नव्हे. मेळघाटात किंवा ताडोब्यात आग बहुधा पालापाचोळ्यातून सरपटत जाते. वनमजूर हिरव्या फांदीने झोडपून ती विझवतात. यलोस्टोनमध्ये ती शेंड्यांवरून धावली. लॉजपोल पाइनची राळेने भरलेली दाट झाडे बुंध्यापासून टोकापर्यंत एका भपक्यात पेटत. अशा आगीचा फोटो काढायचा तर भलतीच पंचाईत. तेव्हा बरेच काम स्लाइड फिल्मवर चाले आणि ती फिल्म चूक पोटात घालत नाही. ज्वाळा नीट याव्यात असा प्रकाश धरला, तर झाडे काळीठिक्कर; झाडे दिसावीत असा धरला, तर ज्वाळांच्या जागी पांढरा डाग. त्यात धुराने भरदुपारी सूर्य तांबडा व्हायचा. जिम पीको आणि जेफ हेन्री उद्यानासाठी फोटो काढत होते. उद्यानातलेच असल्यामुळे बातमीदार परतल्यावरही ते तिथेच होते, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

घटनाक्रम थोडक्यात असा. विजेने लागलेली आग माणसाला धोका नसेल तर जळू द्यावी, असे धोरण १९७२पासून होते. १९८८चा उन्हाळा विलक्षण कोरडा निघाला. २१ जुलैला सर्वच आगी विझवायचे ठरले. दुसऱ्याच दिवशी, २२ जुलैला, उद्यानाच्या हद्दीबाहेर लाकूडतोड्यांच्या एका सिगारेटने नॉर्थ फोर्कची आग लागली. २० ऑगस्टला वारा असा सुटला, की एका दिवसात दीड लाख एकरांहून अधिक जंगल जळले. ७ सप्टेंबरला नॉर्थ फोर्कची आग ओल्ड फेथफुलच्या गरम पाण्याच्या कारंज्यापर्यंत येऊन ठेपली. शेजारचे १९०४चे लाकडी हॉटेल वाचवताना छतावर बसवलेले पाण्याचे फवारे कामी आले. त्या उन्हाळ्यात सगळे मिळून सुमारे २५ हजार माणसे आगीशी झुंजली, १२ कोटी डॉलर खर्च झाले. अखेर ११ सप्टेंबरला पडलेल्या पावसाने आणि बर्फाने आगीचा जोर मोडला.

वाचकांनी फोटो पाहिले आणि यलोस्टोन संपले असे मानले. प्रत्यक्षात उद्यानाच्या ३६ टक्के क्षेत्रात आग फिरली, आणि तेही सलग नाही. करपलेला पट्टा, मध्येच हिरवे बेट, पुन्हा करपलेले, असे ठिगळांचे जंगल मागे उरले. हे फक्त विमानातून कळे. पण विमानातून काढलेल्या फोटोत ज्वाळांचा थरार नसतो, मग तो छापणार कोण? उद्यानात सुमारे ३०० मोठे प्राणी दगावले, बहुतेक एल्क हरणे. एल्कची संख्या मात्र हजारोंच्या घरात होती. जमीन खोलवर भाजून मुळेबिया मेल्या, असा भाग फारच थोडा.

खरे फोटो नंतरचे. त्याच जागी उभे राहून, तोच कोन धरून, वर्षांमागून वर्षे काढलेले. आधी राख, मग रानफुले आणि गवत, मग गुडघाभर पाइन, पुढे काही जागी माणूस आत शिरू शकणार नाही इतके दाट रान. लॉजपोलच्या काही झाडांचे शंकू राळेने बंद असतात. आगीच्या धगीने ते उघडतात आणि बी राखेवर पडते. हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतच होते. लोकांना पटले ते या फोटोंनी. नाव कोणाचे झाले असेल ते असो, पण माझ्या लेखी त्या आगीचे थोर छायाचित्रण हेच.

तरी या फोटोंवरूनही ‘जंगल आपले आपण सावरते’ असा सोपा निष्कर्ष काढू नये. २०१६मध्ये यलोस्टोनमध्ये १९८८नंतरच्या सर्वांत मोठ्या आगी लागल्या आणि त्यांत १९८८नंतर उगवलेली कोवळी झाडे पुन्हा जळली. पूर्वी दोन मोठ्या आगींमध्ये शंभर ते तीनशे वर्षे जात. इथे तीस वर्षेही गेली नव्हती. परिसंस्थाशास्त्रज्ञ मोनिका टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जागा तपासल्या, तेव्हा काही ठिकाणी नव्या रोपांची संख्या पार घसरलेली आढळली.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात डोंगर पेटतात आणि मोबाइलवर फोटो फिरतात. ठिकाण नाही, तारीख नाही. वणवा दिसला तर आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मग सुरक्षित अंतरावरून फोटो काढा, त्याखाली दिवस आणि उभे राहिल्याची जागा लिहा, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तिथूनच एक काढा.