न संपणाऱ्या गोष्टीची ओढ

श्रावण लागला की कर्जत-खालापूरकडच्या गावांत अजूनही काही घरांतून नवनाथ भक्तिसाराची पोथी निघते. मालू कवीने १८१९ साली पुरा केलेला हा ग्रंथ ४० अध्यायांचा आणि ७६०० ओव्यांचा आहे. पोथी वाचणारा चष्मा सावरत एका लयीत वाचत जातो, मध्येच थांबून अर्थ सांगतो आणि समया मंद होऊ लागल्या की अध्याय पुरा करून पोथी फडक्यात बांधतो. गोरक्ष उकिरड्याच्या राखेतून निघाला, कानिफनाथ हत्तीच्या कानातून जन्मले, मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकले, वाताकर्षण अस्त्राने समोरच्याचा श्वास कोंडला, हे सारं ऐकणाऱ्यांना पाठ असतं. तरीही दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर येऊन बसतात. दीर्घ अद्भुतकथेची गोडी आपल्याकडे बाहेरून आलेली नाही, हे आधी सांगायला हवं. कारण ज्या जपानी कादंबरीमालिकेबद्दल लिहायचं आहे, तिची ओढ मला या पोथीच्या अंगाने जास्त कळते.

तिचं नाव ‘गुइन सागा’. लेखिका काओरू कुरिमोतो. १९७८ साली जपानमधला मानाचा एदोगावा राम्पो पुरस्कार रहस्यकादंबरीसाठी मिळवून त्या पुढे आल्या आणि सप्टेंबर १९७९ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी या मालिकेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. घनदाट जंगलात एक बलदंड माणूस शुद्धीवर येतो. त्याचं डोकं बिबट्याचं आहे. ‘गुइन’ आणि ‘ऑरा’ हे दोन शब्द सोडले तर त्याला स्वतःविषयी काहीच आठवत नाही. शेजारच्या राज्याने पारोस हे राज्य जिंकून घेतलं, तेव्हा तिथून निसटलेली रिंदा आणि रेमस ही चौदा वर्षांची जुळी भावंडं त्याला भेटतात. ती त्या जंगलात पोचली कशी? राजवाड्यात दडवलेल्या एका प्राचीन यंत्राने त्यांना क्षणात दूर फेकलं आणि ती भलत्याच ठिकाणी येऊन पडली. तलवारी, जादूगार आणि भुतंखेतं यांच्या या जगात विज्ञानकथा अशी हळूच शिरते. हा माणूस आला कुठून, तो या पृथ्वीवरचा तरी आहे का, असा प्रश्न वाचकाच्या मनात रुजतो आणि पुढे शेकडो पानं सुटत नाही.

पण नुसत्या कोड्यावर कोणी तीस वर्षं एखादी मालिका वाचत नाही. कुरिमोतोंची खरी करामत अशी की त्यांच्या जगात काळ पुढे सरकतो. इश्तवान हा भाडोत्री सैनिक सुरुवातीला थापाड्या, हसरा आणि हवाहवासा वाटतो. आपण राजा होणार, हे भाकीत तो उराशी धरून असतो. तो खरंच राजा होतो, पण तिथवर पोचताना त्याचे हात रक्ताने माखतात आणि ज्याच्यावर आपण जीव लावला तो हळूहळू क्रूर होत जाताना बघावं लागतं. गुइन स्वतः केइरोनियाच्या सिंहासनावर बसतो, तरी त्याचा संसार सुखाचा होत नाही. विशीत पहिला भाग हाती घेतलेला वाचक पन्नाशीला आला, तेव्हा पात्रंही त्याच्याबरोबर पोळलेली होती.

आता आपल्याकडे बघू. नाथमाधवांनी (१८८२–१९२८) ‘वीरधवल’सारखी अद्भुतरम्य कादंबरी दिली. शिकारीच्या वेळी सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखालचं अंग लुळं पडलं, तरी या माणसाने अंथरुणावरून किल्ले, भुयारं आणि घोडदौड रंगवली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवला. मग आले बाबूराव अर्नाळकर. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, धंदा चष्म्याच्या दुकानाचा आणि लिहिलेली पुस्तकं हजारावर. चित्रकार मुळगावकरांच्या मुखपृष्ठावरचा झुंजार आणि त्याची विजया, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांना मराठी माणसाने घरातल्यासारखं वागवलं. कर्जत-खोपोली लोकल पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला पोचते. एवढा छोटा प्रवास, पण त्यातही मांडीवर उघडलेली अशी पुस्तकं मी पाहिली आहेत. वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने आणलेली, जाड दोऱ्याने शिवलेली, कडा तेलकट झालेली. अनेकदा शेवटचं पान गळालेलं असायचं आणि गुन्हेगार कोण ते डब्यातलाच कोणीतरी सांगायचा.

अर्नाळकरांवर माझं प्रेम आहे, म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहितो. झुंजार म्हातारा होत नाही. मागच्या पुस्तकात घडलेल्याचा ओरखडा पुढच्या पुस्तकात त्याच्यावर उमटत नाही. पुस्तकं हजार झाली, पण सलग कहाणी एकही झाली नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही वीस पुस्तकांत तसाच चुणचुणीत मुलगा राहिला. मुलांच्या पुस्तकात ते शोभतंही.

या वाटेवर सर्वांत पुढे गेले ते नारायण धारप (१९२५–२००८). रसायन तंत्रज्ञान शिकलेल्या या लेखकाला भय, विज्ञान आणि अद्भुत यांच्यातली कुंपणं मान्यच नव्हती. ‘समर्थ’ या त्यांच्या पात्राच्या कथा वाचताना दुष्ट शक्तींमागे काही एक नियम आहे, असा विश्वास बसतो. ‘गोग्रामचा चितार’ तर वाचकाला सरळ दुसऱ्याच जगात नेऊन सोडतो. धारपांना एकच जग शंभर भाग फुलवायची मोकळीक मिळाली असती, तर मराठीत गुइनच्या तोडीचं काही उभं राहिलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. कल्पनाशक्ती कमी नव्हती. कमी पडली ती दहा-वीस वर्षं एकाच गोष्टीमागे उभी राहणारी प्रकाशनव्यवस्था.

जपानमध्ये हायाकावा प्रकाशन तसं उभं राहिलं. शंभर भागांत संपवू म्हणून सुरू झालेली मालिका २००५ मध्ये शंभरावर पोचली तेव्हाही कथा अर्ध्यातच होती. कॅन्सर झाल्यावरही कुरिमोतो लिहीत राहिल्या आणि २६ मे २००९ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी गेल्या. १३० वा भाग अपुरा राहिला, तो तसाच छापला. २०१० मध्ये जपानी विज्ञानकथेचा सेइउन पुरस्कार या मालिकेला मिळाला आणि २०१३ पासून इतर लेखकांनी पुढचे भाग लिहायला घेतले. लेखिका गेली, तरी वाचकांनी ते जग मरू दिलं नाही. पोथीही अशीच टिकली आहे. मालू कवी जाऊन किती पिढ्या लोटल्या, पण वाचणारा दरवर्षी नवा मिळतो.

आणि आपल्या कर्जत-खालापूर या दोन तालुक्यांत अशा जगाला लागणारं काय नाही? पेठच्या कोथळीगडाचा सुळका आतून पोखरून त्यात वर जाणाऱ्या पायऱ्या खोदल्या आहेत. सांडशीच्या वर ढाकचा बहिरी उभ्या कड्यातल्या गुहेत बसला आहे. उंबरखिंडीत १६६१ साली कारतलबखानाची फौज रानात कोंडली गेली. खोपोलीला डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यावर १९१५ पासून वीज तयार होते. गड, देव, लढाई आणि यंत्र, सगळं एका दिवसाच्या चालीत आहे. ‘गुइन सागा’चे पहिले पाच भाग इंग्रजीत आले आहेत आणि २००९ ची २६ भागांची अॅनिमेशन मालिकाही आहे. मराठीत अजून एकही भाग नाही. अनुवादकांनी निदान पहिला भाग तरी हाती घ्यावा. आणि कर्जत, नेरळ, खोपोलीच्या कॉलेजांतून जी मुलं वहीत राज्यांचे नकाशे काढत बसतात, त्यांनी लेखन एका पुस्तकावर थांबवू नये. दुसरा भाग लिहावा, मग तिसरा. वाचणारे इथे आहेत.