ईरी सरोवर : विद्यापीठांनी सांभाळलेला हिशेब

२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहरात नळाचे पाणी पिऊ नका, असा आदेश निघाला. चार लाखांहून अधिक लोकांना तो लागू होता. ईरी सरोवरातील निळ्या-हिरव्या शैवालाचे मायक्रोसिस्टिन हे विष पाण्यात उतरले होते आणि ते उकळून जात नाही. कारणाचा माग मात्र आधीच लागलेला होता. ओहायोतील हायडेलबर्ग विद्यापीठ १९७०च्या दशकाच्या मध्यापासून या सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीचे पाणी सातत्याने तपासत आले आहे. शेतातून वाहून येणारा, पाण्यात विरघळलेला आणि शैवालाला लगेच उपलब्ध होणारा फॉस्फरस १९९०च्या दशकापासून वाढत गेला, हे या सलग नोंदींतूनच दिसले. तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पाला ते कधीच दिसले नसते.

अशा संशोधनाने सरोवर कुठे स्वच्छ झाले, हा आक्षेप रास्त आहे. २००८च्या तुलनेत फॉस्फरस ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट अमेरिका आणि कॅनडाने २०१६मध्ये ठरवले, तरी शैवाल आजही फोफावते. पण खतवापरावर सक्ती करायची की नाही, हा निर्णय सरकारचा, प्रयोगशाळेचा नव्हे. आकडेच नसते तर उद्दिष्ट कशावरून ठरले असते आणि ते हुकले हे तरी कोणी सिद्ध केले असते? याच नोंदींच्या आधारे सरकारी शास्त्रज्ञ आणि विद्यापीठे मिळून दर उन्हाळ्यात शैवालाचा अंदाज वर्तवतात. सरकारांनी अशा मोजणीला कायमचा निधी द्यायला हवा.