पैलवान कोणाच्या नावावर?

कुस्त्यांच्या फडात हलगी कडाडू लागली, की पुकारणारा मल्लाच्या नावाबरोबर त्याच्या गावाचे नाव घेतो. गर्दीतून जी टाळी पडते ती निम्मी मल्लाला आणि निम्मी त्याच्या गावाला. पाटोद्याचा, मंगळवेढ्याचा, औशाचा असे म्हटले की पोराची सारी ओळख पटली. त्याचा बाप कोण, वस्ताद कोण, हे मग विचारावे लागत नाही.

पण अलीकडच्या महाराष्ट्र केसरीच्या याद्या वाचकांनी जरा निरखून पाहाव्यात. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी यांनी हा किताब पहिल्यांदा जिंकला. तेव्हापासून या गदेभोवती जिल्ह्याजिल्ह्यांची चुरस चालत आली आहे. २०१८ च्या डिसेंबरात जालन्याला बाला रफिक शेख याने ती गदा जिंकली. हा गडी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचा. गदा गेली बुलढाण्याच्या नावावर. २०२० च्या जानेवारीत पुण्यात हर्षवर्धन सदगीर जिंकला. तो मूळचा नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा. गदा लागली नाशिकच्या नावाला. २०२३ च्या जानेवारीत शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा हा मल्ल मैदानात उतरला तो नांदेडकडून.

यात लबाडी काही नाही, आणि कुणी लपवूनही ठेवलेले नाही. हिशेब साधा आहे. स्पर्धेत प्रत्येक जिल्ह्याला जागा मोजक्या. पुणे, कोल्हापूर, सोलापूर येथे एकेका वजनात तुल्यबळ मल्लांची रांग लागलेली. तर दुसऱ्या जिल्ह्यात गदेच्या लढतीला उतरवावा असा गडी मिळण्याची मारामार. रांगेत तिसऱ्या-चौथ्या नंबरावर ताटकळणाऱ्या पोराने मोकळ्या दाराने आत जावे, हे व्यवहाराला धरूनच आहे. २०२० च्या अंतिम कुस्तीची मौज तर याहून निराळी. सदगीर नाशिकचा, समोरचा शैलेश शेळके लातूरचा. आणि दोघेही पुण्यात काका पवारांच्या एकाच तालमीत घाम गाळणारे. कुस्ती संपताच विजेत्याने हरलेल्या गुरुबंधूला खांद्यावर उचलून मैदानात मिरवले. जिल्हे दोन होते, माती एकच होती.

म्हणजे प्रश्न गाव सोडण्याचा नाही. कोण नेतो, कशासाठी नेतो आणि पुढे निभावतो किती, हा आहे.

भालचंद्राच्या गावी

हा प्रश्न मला नीट समजला तो लिंबागणेशला. बीडहून सोलापूरच्या रस्त्याने मांजरसुंब्याला यावे आणि तेथून पाटोद्याकडे वळावे, म्हणजे हे गाव लागते. येथला गणपती भालचंद्र. गणपतीला हसल्यामुळे शापित झालेल्या चंद्राने येथे तप केले आणि देवाने प्रसन्न होऊन त्याला भाळी धारण केले, अशी कथा सांगतात. भोवताली बालाघाटाचा उघडाबोडका डोंगर आणि पावसाच्या मर्जीवर चालणारी शेती. दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातल्या अशा गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि काही शाळकरी पोरे.

याच रस्त्याने पुढे गेले की पाटोदा. ते राहुल आवारेचे गाव. राहुलचे वडील पैलवान. पोराला त्यांनी लहान वयातच पुण्याला धाडले. तेथे तो हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली तयार झाला, आणि त्यांच्या पश्चात काका पवारांकडे. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलो वजनात सुवर्णपदक जिंकले, २०१९ साली जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. सरकारने त्याला पोलीस उपअधीक्षक केले. या पट्ट्यातल्या ज्या बापाच्या पोराचे मनगट जरा जाड निघाले, त्याच्या डोळ्यांपुढे हे एकच चित्र असते. पोर पुण्याला धाडायचे!

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी मी अशाच एका बापाच्या ओसरीवर बसलो होतो. त्याचे नाव-गाव येथे देत नाही. बाहेर बैलगाडीला वंगण चालले होते. चार दिवसांत टोळी निघायची होती. पोराची हकीकत त्याने सांगितली ती अशी. बारावीनंतर पोराने जवळच्याच महाविद्यालयात नाव घातले होते. तालुक्याच्या एका मैदानात त्याची कुस्ती पाहून शहरातल्या एका महाविद्यालयाचे गृहस्थ घरी आले. फी माफ, राहायला खोली, वर दूध-तूप-बदामाचा खुराक. पोर गेले. पहिल्या वर्षी त्याने महाविद्यालयाला पदक मिळवून दिले. फलकावर त्याचा फोटो लागला. दुसऱ्या वर्षी गुडघा दुखावला. आधी खुराक थांबला, मग खोली रिकामी करायला सांगितले. पोराने परत जुन्या महाविद्यालयात जायचे ठरवले, तेव्हा दाखला मागताच वसतिगृहाची थकबाकी निघाली, जिच्याबद्दल आधी कुणी अवाक्षर काढले नव्हते! दोन विद्यापीठांमधला मामला. स्थलांतर प्रमाणपत्राशिवाय पुढचे दार उघडेना. त्यात शिक्षणाचे एक वर्ष गेले.

बाप शांतपणे म्हणाला, “साहेब, मुकादम आमाला उचल देतो. उचल घेतली की सहा म्हैने आमी त्येचे. आजारी पडलो तरी फिटंस्तोवर सुटका न्हाई. पर ती उचल हाय, हे आमाला म्हाईत असतं. लेकराला दिली ती बी उचलच हुती, हे आमाला कुनी सांगितलंच न्हाई.”

मी म्हटले, “तात्या, लिहून काही घेतले होते का?”

“मानूस शिकल्यालं हुतं, साहेब. त्येला काय लिहून मागायचं?”

यावर मला उत्तर सुचले नाही. आपल्यासारख्या शिकल्यासवरलेल्यांवरचा हा विश्वास ऐकून मान खाली गेली, एवढे मात्र खरे.

नियम कोणासाठी?

आता महाविद्यालयांना पैलवान हवेत कशाला? उघड आहे. आंतरमहाविद्यालयीन आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांतून मान मिळतो. सर्व खेळांत सरस ठरणाऱ्या विद्यापीठासाठी १९५६-५७ पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक आहे. आणि पोरांना पदक कशाला? तेही उघड आहे. ३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयापासून महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ऊसतोडीच्या घरात पदकाचा कागद हा नुसता शोभेचा नसतो. तो कोयता हातातून सुटण्याचा परवाना असतो.

जेथे कागदाला एवढे मोल, तेथे नियम हवेतच. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या स्पर्धेत खेळणारा विद्यार्थी खराखुरा, नियमित शिकणारा असला पाहिजे. वयाने २५ च्या आतला असला पाहिजे. पूर्णवेळ नोकरीत नसला पाहिजे. हे योग्यच आहे. नाहीतर तिशीतले भरदार गडी दरवर्षी प्रथम वर्षात बसतील! वयाची चोरी ही काही कल्पित गोष्ट नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय कुस्ती महासंघाला खोट्या जन्मदाखल्यांपायी ११ मल्लांना निलंबित करावे लागले. खोटी क्रीडा प्रमाणपत्रे दाखवून नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे आपल्या राज्यातही उघडकीला आली आहेत. असा एकेक खोटा कागद एका खऱ्या पोराची जागा खातो.

पण या नियमांची नजर एकाच बाजूला आहे, हे ध्यानात घ्या. पोर पात्र आहे की नाही, हे दहा ठिकाणी तपासले जाते. त्याला नेणारी संस्था पात्र आहे की नाही, हे कोण तपासतो? वयाचे घड्याळ गुडघा दुखावला म्हणून थांबत नाही, की दाखला अडला म्हणून थांबत नाही. त्या पोराचे वर्ष गेले ते त्याच्याच खात्यातून गेले.

सातासमुद्रापार

हा पेच आपल्याकडचाच आहे असे समजू नका. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे वेड अफाट. हा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ. तेथे हजारो लोक तिकिटे काढून पोरांचे सामने बघत, महाविद्यालये गब्बर होत, आणि पोराने मात्र शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर पैसा मिळवला की तो अपात्र! दुसऱ्या महाविद्यालयात गेला तर सहसा एक वर्ष बाकावर बसायचे. २०१८ च्या ऑक्टोबरात बदली इच्छिणाऱ्या खेळाडूंची उघड नोंदवही सुरू झाली. १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली. २०२४ साली अभ्यासात ठीक असणाऱ्याला कितीही वेळा बदली खुली झाली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार महाविद्यालये आता खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका महाविद्यालयाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर!

आता तेथे उलटी ओरड आहे, की पोरे दरसाल घर बदलतात, निष्ठा म्हणून उरली नाही. असेलही. पण एक गोष्ट तेथे मान्य झाली: खेळाडू ही महाविद्यालयाची मालमत्ता नव्हे. आपल्याकडे डॉलरही नाहीत आणि तशी नोंदवहीही नाही. निदान एवढी समजूत तरी आपल्याला फुकट घेता येईल.

आणि खरे म्हणजे ती परदेशातून आणायचीही गरज नाही. खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकाची खात्री तेव्हा कुणालाच नव्हती. गहाण पडले ते प्राचार्यांचे घर, विद्यार्थ्याचे वर्ष नव्हे. उचल आणि आधार यांतला फरक यापेक्षा स्पष्ट करून सांगता येईल असे मला वाटत नाही.

प्रत्येक प्राचार्याने घर गहाण टाकावे असे कोण म्हणेल? मागणे फार थोडे आहे. खेळाडू म्हणून प्रवेश देताना एक साधा मराठी कागद करावा आणि त्याची एक प्रत बापाच्या हाती द्यावी. खुराक आणि खोली किती दिवस, दुखापत झाली तर औषधपाणी कोणाचे, खेळ थांबला तरी पदवी पुरी होईपर्यंत फी कोण भरणार, आणि दाखला मागितला तर किती दिवसांत मिळेल, एवढे त्यात असावे. ज्या संस्थेला हे लिहून द्यायला जड जाते, तिने पदकाच्या फलकावर पोराचा फोटो लावू नये.

वाचकहो, तुमची मुले-मुली ज्या महाविद्यालयांत शिकतात, त्यांच्या प्रवेशद्वाराशी असा एखादा फलक असतोच. त्यावरच्या खेड्यातल्या पोरांपैकी किती जणांच्या हाती पदवी पडली, हे पालक म्हणून एकदा कार्यालयात विचारून पाहा. हा प्रश्न विचारायला कुस्तीतले काही कळावे लागत नाही. लिंबागणेशच्या त्या बापाला तो विचारता आला नाही, कारण समोरचे माणूस शिकलेले होते. आपल्याला ती अडचण नाही.

आता त्या पोराचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. गुडघा बरा झाला आहे. जवळच्या महाविद्यालयात त्याने पुन्हा नाव घातले आहे. पहाटे गावातल्या पोरांकडून तो जोर-बैठका काढून घेतो. मी निघालो तेव्हा बाप कोयत्याला धार लावीत होता आणि पोर आत परीक्षेचा अर्ज भरीत होते. त्या वर्षी टोळीबरोबर आई-बाप गेले. पोराला त्यांनी मागे ठेवले.