उंदीर बरा झाला, माणसाचं काय?

‘उंदरांवरचा प्रयोग यशस्वी!’ अशी बातमी दिसली, की आपण लगेच फॉरवर्ड करतो. हो ना? पण कुठल्या उंदरावर, हे कधी विचारलंय?

मी विचारायला लागलो ते माझ्या मावसभावामुळे. तो नामपूरचा, कांद्याच्या व्यापारात. त्याला हिमोफिलिया ‘बी’ आहे. गुडघ्यात रक्तस्राव झाला, की लिलाव सोडून फॅक्टर नाईनच्या इंजेक्शनसाठी नाशिक गाठायचं!

हा फॅक्टर तयार होतो यकृतात. म्हणून आयडिया अशी, की ‘एएव्ही’ नावाच्या निरुपद्रवी विषाणूतली त्याची जनुकं काढायची, फॅक्टरचं जनुक भरायचं आणि पार्सल यकृतात धाडायचं. पण माणसाआधी ट्रायल कुणावर घ्यायची? खरी गोम इथेच आहे.

पहिला उमेदवार उंदीर. स्वस्त आणि मस्त. पण एएव्ही-8 त्याच्या यकृतात जितका सहज शिरतो, तितका माणसाच्या नाही. नर उंदरात रिझल्ट मादीपेक्षा सरस. पिल्लू घेतलं, तर यकृत वाढताना जनुक विरळ होत जातं. दुसरा कुत्रा. काही कुत्र्यांना जन्मतःच हिमोफिलिया असतो आणि त्यांच्यात हा उपचार वर्षानुवर्षं टिकला. तिसरं माकड, आपलं जवळचं नातेवाईक. पण अनेक माकडांच्या रक्तात एएव्हीविरुद्ध अँटिबॉडीज आधीपासूनच असतात. आधी तपासलं नाही, तर चांगलं औषधही नापास!

इतकं करूनही 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये माणसाने धक्का दिलाच. एका पेशंटचा फॅक्टर 10 टक्क्यांच्या वर गेला आणि काही आठवड्यांत घसरला. शरीराच्या संरक्षक पेशींनी त्या यकृतपेशींवरच हल्ला चढवला होता. प्राण्यांनी याची चाहूलही दिली नव्हती. 2011 च्या सहा पेशंट्सच्या ट्रायलमध्ये गरज पडली तिथे थोडे दिवस स्टिरॉइड देऊन हा हल्ला आवरला गेला.

मग ‘एफआरजी’ उंदीर आहे ना! त्याच्या यकृतात माणसाच्या यकृतपेशी रुजवतात. विषाणू आपल्या पेशीत शिरतो का, हे तो छान सांगतो. पण त्याची प्रतिकारशक्तीच काढून टाकलेली असते. त्यामुळे शरीर त्या पेशींवर उलटेल का, हे त्याला विचारून उपयोग नाही. थोडक्यात, आधी प्रश्न ठरवायचा, मग प्राणी. एकावर भागत नाही.

2022 मध्ये अमेरिकेत ‘हेमजेनिक्स’ला मंजुरी मिळाली. किंमत 35 लाख डॉलर! आपल्याकडे वेल्लोरच्या सीएमसीने हिमोफिलिया ‘ए’साठी वेगळी वाट धरली. त्यांनी जनुक यकृतात न सोडता रक्ताच्या मूळ पेशींत घातलं. पाच पेशंट्सचे निकाल 2024 मध्ये प्रसिद्धही झाले. भावाचा आजार ‘बी’ आहे, त्यामुळे त्याला अजून थांबावं लागणार. तोवर फॅक्टर वेळेवर घेणं, हाच त्याचा उपाय.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी बघा. यकृत कुणाचं होतं? आणि प्रतिकारशक्ती शाबूत होती का? पलीकडे कुणीतरी ती बातमी वाचून आशा लावून बसलेलं असतं.