वैनगंगेचा पूर आणि बांधीतली वीज

गोंदिया जिल्ह्यात येणारा वैनगंगेचा पूर समजून घ्यावयाचा झाल्यास दृष्टी प्रथम जिल्ह्याबाहेर टाकावी लागते. कारण ही नदी मध्य प्रदेशातील शिवनीच्या मुलखात उगम पावते, तेथेच भीमगडच्या संजय सरोवराने ती अडविलेली आहे, आणि पुढे बालाघाटकडचे पाणी पोटात घेऊन ती आपल्या सीमेवर येते. २०२० च्या ऑगस्टअखेर त्या मुलखात अतिवृष्टी झाली, धरणातून मोठा विसर्ग करावा लागला आणि गोंदिया-तिरोड्यापासून भंडारा, गडचिरोलीपर्यंतची काठची गावे जलमय झाली.

नदीचे पाणी चढणे हा निसर्गक्रम आहे. त्याची आपत्ती होते ती काठावर कोणाची वस्ती आहे, कोणाचे धान उभे आहे आणि वार्ता पाण्याच्या आधी पोहोचते की नाही, यावरून. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमानेही बाधित समाजाच्या सामर्थ्यापलीकडची हानी हीच कसोटी मानली आहे. वरच्या धरणाचा विसर्ग कळताच तहसील कचेरीतून निरोप निघावा, कोतवालाने दवंडी द्यावी, दावणीची गुरे सोडून उंचावर न्यावीत, एवढी सवड पूर बहुधा देतो. नवतप्याचे ऊनही पूर्वसूचना देऊन येते. अवर्षणाची धास्ती तर येथील पूर्वजांनी मामा (माजी मालगुजारी) तलाव बांधून बरीच हलकी केली होती. त्या तलावांत आज साचलेला गाळ ही मात्र आपली करणी.

म्हणून माझ्या मते या जिल्ह्याने सर्वाधिक चिंता करावी ती एवढी सवड न देणाऱ्या विजेची. आषाढात धानाची रोवणी ऐन भरात असते. बाया घोटाभर चिखलात वाकून पऱ्हे लावीत असतात, सपाट बांधीत त्यांच्याहून उंच असे आसपास काही नसते, आणि सर आली की पावले सहजच बांधावरच्या मोहाकडे वळतात. तेथेच घात होतो, कारण झाडावर कोसळलेली वीज बुंध्यातून ओल्या जमिनीत पसरते व आडोशाला उभे असलेल्यांच्या पायांतून शिरते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईतो ३० सेकंदही गेले नाहीत, तर ती १० किलोमीटरांच्या आत आहे असे समजून पक्के घर गाठावे.

विजेने माणूस दगावल्यावर पंचनामा होतो, वारसांना ४ लाख रुपयांचे साहाय्यही मिळते. पण त्याआधी, गडगडाट होताच बांधीतून बाहेर पडण्याची मुभा त्या बायांना मजुरी न कापता मिळावी, अशी तजवीज गावोगावी रोवणीपूर्वीच झाली पाहिजे.